माउस कधीच धरला नाही आणि परीक्षा संगणकावर? मग आधी हे करा

आजच्या बारावीच्या मुलाला संगणकासमोर बसवलं की त्याचं बोट आधी पडद्याकडे जातं. मॉनिटरवर टिचकी मारतो, काही होत नाही म्हणून दुसरी जरा जोरात मारतो, आणि मग शेजारच्याकडे बघतो. यात त्याचा काही दोष नाही. कळायला लागल्यापासून त्याने हाताळलेला प्रत्येक पडदा बोट लावलं की ऐकणारा होता.

परीक्षेचा पडदा तसा ऐकत नाही. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही 2019 पासून संगणकावर होतात. तलाठी भरतीची 2023 ची परीक्षाही संगणकावरच झाली, आणि बँकांच्या परीक्षा तर त्याच्या कितीतरी आधीपासून. घरचे क्लासची फी भरतात, टेस्ट सिरीज लावतात, पोरं रात्र रात्र जागतात, आणि ज्याने उत्तर नोंदवायचं तो माउस मात्र बऱ्याच जणांच्या हातात थेट केंद्रावरच पडतो. तालुक्याच्या गावी संगणक शिकवताना दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हेच चित्र दिसतं.

हिशेब करून बघा. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यातले पाच सेकंद जरी माउसने हलणारा पडद्यावरचा बाण शोधण्यात आणि पर्यायापुढच्या गोलावर नेमका नेण्यात गेले, तरी पेपरभरात आठ मिनिटांहून जास्त वेळ वाया. तेवढ्यात आठ-नऊ प्रश्न सुटतात.

हा लेख वाचायला दहा मिनिटं पुरतील. हात बसायला मात्र रोज वीस मिनिटं आणि एक-दोन आठवडे धरून चला. हॉल तिकीट येईपर्यंत थांबू नका.

घरी संगणक नाही, सराव कुठे करायचा?

शाळा-कॉलेजची लॅब, एमएस-सीआयटीचा क्लास, ओळखीचं महा ई-सेवा केंद्र, गावातली अभ्यासिका. दुपारी जिथे गर्दी नसते तिथे विचारून बघा. कारण सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

यातलं काहीच जवळ नसेल तरी अडत नाही. वायरचा साधा माउस दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मोबाइलच्या दुकानात ओटीजी नावाचा छोटा जोड मिळतो, तो घ्या. घेताना आपल्या फोनला कोणता चार्जर लागतो तेवढं सांगा, म्हणजे जोड बरोबर मिळेल. माउसची पिन ओटीजीत आणि ओटीजी फोनमध्ये. बहुतेक अँड्रॉइड फोनवर लगेच बाण उमटतो. काही फोनवर सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी आधी चालू करावं लागतं. फोनवर उजवं बटण संगणकासारखं वागत नाही, पण बाण हलवणं, थांबवणं, डाव्या बटणाचं क्लिक आणि चाक हे सगळं त्यावर शिकून होतं. परीक्षेत लागतं तेही एवढंच. माझ्या मते फोनवाल्या घरासाठी याहून स्वस्त तयारी नाही, आणि तरी ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना एक वेगळी सूचना. टचपॅडवर बोट सफाईने फिरतं म्हणजे माउस येतो, असं समजू नका. केंद्रावर साधारण डेस्कटॉप आणि माउसच असतो. लॅपटॉपलाही माउस लावा आणि टचपॅडला हात लावू नका.

धरायचा कसा

वायर तुमच्या विरुद्ध दिशेला, मॉनिटरकडे. तळहात माउसच्या पाठीवर हलका टेकवा. तर्जनी डाव्या बटणावर, मधलं बोट उजव्या बटणावर, अंगठा एका अंगाला, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या. बोटं बटणांवर नुसती ठेवायची, दाबायची नाहीत.

नवीन माणूस माउस आवळून धरतो. बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसली की समजावं. आवळलेल्या हाताने बाण झटके खात जातो आणि क्लिक नको तिथे होतं. लांबची हालचाल कोपरापासून करा, बारीक हालचाल बोटांनी. कोपर साधारण काटकोनात राहील इतकी खुर्ची उंच हवी. खुर्ची खाली गेलेली असेल तर खांदा वर उचलला जातो आणि तासाभरात मान धरते. जेईई मेनला तीन तास बसायचं असतं.

नजर पडद्यावर, हात टेबलावर

खरी अडचण इथे आहे. मोबाइलवर जिथे नजर तिथेच बोट. माउसवर हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे. त्यात माउस पुढे ढकलला की बाण पडद्यावर वर चढतो, आपल्याकडे ओढला की खाली येतो. सुरुवातीला प्रत्येक जण मान खाली घालून हाताकडे बघतो, मग वर बघून बाण शोधतो, मग परत खाली. सायकल शिकणारा पुढच्या चाकाकडे बघत राहिला की पडणारच, तसंच आहे हे.

पहिल्या दिवशी बटणांना हात न लावता एवढंच करा:

1. बाण पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात न्या आणि थांबवा.
2. तिथून वरच्या कडेने उजव्या कोपऱ्यात, मग खाली, मग डावीकडे, मग परत वर. उलट दिशेनेही एक फेरी मारा.
3. आता नेम धरा. खाली उजवीकडच्या घड्याळावर बाण नेऊन थांबवा. मग रिसायकल बिनवर, म्हणजे कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर. मग एखाद्या छोट्या चिन्हावर.
4. हे सगळं हाताकडे एकदाही न बघता जमलं की पुढे जा.

बाण कुठेच दिसेनासा झाला तर माउस जरा जोरात इकडेतिकडे हलवा. हलणारी गोष्ट डोळ्याला पटकन सापडते.

तेवढ्यात कोणीतरी ओरडतंच, "सर, टेबल संपलं!" माउस कडेला पोचलेला असतो आणि बाण अजून पडद्याच्या मध्यावर. मग हात ताणला जातो, अंग वळतं, कीबोर्ड ढकलला जातो. "अगं, उचल की तो, आणि मागे घे," एवढंच सांगावं लागतं. माउस टेबलावरून उचला, हवेतून सोयीच्या जागी आणा, ठेवा, पुढे चला. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही. ही युक्ती कोणी सांगत नाही, कारण ज्यांना येते त्यांना ती आपण करतो हेच आठवत नाही.

असं का होतं तेही बघा. आजच्या माउसच्या पोटात एक बारका दिवा आणि एक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत काय सरकलं यावरून बाण हलवतो. उचलला की पृष्ठभाग दिसत नाही, म्हणून बाण थांबतो. काचेच्या किंवा आरशासारख्या चकचकीत टेबलावर बाण अडखळतो किंवा नाचतो, त्याचं कारणही हेच. माउस पॅड नसेल तर खाली वही ठेवा. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस बनवला, तेव्हा कॅमेरा वगैरे काही नव्हतं. लाकडी डबी आणि खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक उभं सरकणं मोजायला आणि एक आडवं. तोही उचलला की बाण थांबायचाच. 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, आणि हात टेबलावर, नजर पडद्यावर ही रीत तेव्हापासून तीच आहे.

क्लिक: आधी थांबा, मग दाबा

क्लिक म्हणजे डावं बटण एकदा दाबून लगेच सोडणं. नवीन माणसाचं क्लिक वाया जातं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. बाण अजून सरकत असतानाच बटण दाबलं जातं, किंवा दाबण्याच्या जोराने अख्खा हातच हलतो आणि बाण गोलावरून निसटतो. म्हणून बाण पूर्ण थांबू द्या आणि मग फक्त तर्जनी हलवा. बाकीचा हात जागच्या जागी.

बाणाचं टोक मोजलं जातं, शेपूट नाही. टोक बटणाच्या आत असलं पाहिजे. मोबाइलची आणखी एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे दाबून धरण्याची. इथे दाबून धरलं तर संगणकाला वाटतं, तुम्हाला काहीतरी ओढायचंय.

सरावाला संगणकातला कॅल्क्युलेटर उघडा आणि कीबोर्डला हात न लावता फक्त माउसने आकडे भरा. आपला सीट नंबर, जन्मतारीख, मग 9.81, 6.022, 1.602. चुकला तर खोडायचं बटणही माउसनेच. याचा उपयोग पुढे जेईईत थेट होणार आहे.

बाणाचा आकार बदलतो तिकडे लक्ष ठेवा. हाताचा पंजा दिसला तर तिथे क्लिक चालतं. उभी काडी दिसली तर तिथे लिहिता येतं. गोल फिरत असेल तर संगणक कामात आहे, त्याला त्याचं काम करू द्या. त्या वेळी केलेली जास्तीची क्लिकं साठून राहतात आणि नंतर भलतीकडेच लागू होतात.

डबल क्लिकचा नाद

डेस्कटॉपवरचं, म्हणजे संगणक सुरू झाल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावरचं, फोल्डर किंवा फाइल उघडायला साधारण दोनदा पटकन क्लिक करावं लागतं. विंडोजमध्ये त्या दोन क्लिकांमध्ये मुळात अर्ध्या सेकंदाची मुभा असते. त्याहून सावकाश केलं तर काहीच उघडत नाही, उलट कधीकधी फाइलचं नाव बदलायची चौकट येते. ती आली तर एस्केप दाबा. दोनदा जमतच नसेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबा, काम तेच होतं.

पण डबल क्लिक जमू लागलं की लोक सगळीकडे तेच करत सुटतात. लिंकवर दोनदा, फॉर्मच्या बटणावर दोनदा, पैसे भरायच्या बटणावरसुद्धा दोनदा. वेबपानावर एकच क्लिक पुरतं. परीक्षेत तर ही सवय गळ्याशी येते. जेईई मेनच्या पडद्यावर निवडलेल्या पर्यायावर पुन्हा क्लिक केलं की निवड रद्द होते. म्हणजे दोनदा टकटक केलंत तर पहिल्याने उत्तर लागतं आणि दुसऱ्याने निघून जातं. उत्तर माहीत होतं, बाण गोलावर होता, आणि गोल रिकामाच राहिला. पर्यायावर एकदाच दाबा, गोल भरलेला डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा.

उजवं बटण, चाक आणि ओढणं

उजव्या बटणाने त्या वस्तूशी करता येण्याजोग्या कामांची यादी उघडते. परीक्षेत त्याचं काही काम नाही. चुकून यादी उघडली तर बाहेर रिकाम्या जागी डावं क्लिक करा, ती मिटते.

मधलं चाक तर्जनीने किंवा मधल्या बोटाने फिरवा, पान वर-खाली जातं. बाण ज्या भागावर आहे तो भाग हलतो, म्हणून आधी बाण प्रश्नाच्या चौकटीत न्या. मोठा उतारा किंवा आकृती असेल तर चौथा पर्याय खाली दडलेला असू शकतो. अर्ज भरतानाही चाकाकडे लक्ष असू द्या. जिल्हा किंवा प्रवर्ग यादीतून निवडून तिथेच चाक फिरवलं तर काही फॉर्ममध्ये पान हलत नाही, निवडच बदलते. निवड झाली की रिकाम्या जागी एक क्लिक करा आणि मग खाली जा.

ओढणं म्हणजे डावं बटण दाबून धरून माउस सरकवणं आणि पाहिजे तिथे सोडणं. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, आणि पत्ते एका ढिगावरून दुसऱ्यावर ओढता ओढता जगभरच्या कचेऱ्यांतल्या लोकांच्या हाताला माउस लागला. घरी कोणी खेळू नको म्हणालं तर हे कारण सांगायला हरकत नाही. माझी पसंती मात्र पेंटला आहे. पेंट उघडा, ब्रश घ्या आणि माउसने आपलं नाव मराठीत लिहा. पहिल्या दिवशी अक्षरं घोड्याच्या नालेसारखी वळतील. शिरोरेषा वेगळी, एका दमात डावीकडून उजवीकडे ओढा. ती सरळ येऊ लागली आणि अक्षरांना नेमकी टेकू लागली, की तुमचा हात तयार झाला असं खुशाल समजा.

परीक्षेचा पडदा

सीईटी घेणारा सीईटी सेल आणि जेईई मेन घेणारी एनटीए, दोघांच्याही संकेतस्थळांवर सराव चाचण्या असतात. त्या दोन-तीनदा पूर्ण द्या, आणि पहिल्यांदा देताना गुणांकडे बघू नका, फक्त बटणांकडे बघा. जेईई मेनच्या पडद्यावर उजवीकडे प्रश्नक्रमांकांची जाळी दिसते. उत्तर नोंदलेला प्रश्न हिरवा, बघून सोडलेला लाल, पुन्हा बघायला ठेवलेला जांभळा.

मुलं हमखास फसतात ती जागा अशी: पर्याय निवडून झाला, म्हणजे उत्तर गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबल्यावरच ते नोंदलं जातं. पर्याय निवडून थेट जाळीतल्या दुसऱ्या क्रमांकावर उडी मारली तर चालू प्रश्नाचं उत्तर साठत नाही. म्हणून हाताला एक ठराविक चाल लावा: गोल, मग सेव्ह अँड नेक्स्ट, मग जाळीत तो क्रमांक हिरवा झाला का ते बघणं. सराव चाचणीत ही चाल इतकी घोटा की विचार करावा लागू नये.

जेईईच्या काही प्रश्नांना पर्याय नसतात, आकडा भरायचा असतो. तो कीबोर्डने नाही, पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांच्या पाटीवर माउसने एकेक अंक दाबून. कॅल्क्युलेटरचा सराव यासाठीच होता. कीबोर्डला परीक्षाभर हातच लावू नका.

डावखुऱ्यांसाठी

घरच्या संगणकावर सेटिंगमध्ये माउसची बटणं अदलाबदल करता येतात, पण केंद्रावर ती सोय मिळेलच असं नाही. म्हणून अदलाबदल न करता सराव करा. माउस डावीकडे ठेवला तर डावं बटण मधल्या बोटाखाली येतं, त्याने क्लिक करायची सवय लावा. वायर आखूड असली तर माउस डावीकडे पोचत नाही, म्हणून उजव्या हातानेही थोडा सराव असू द्या. खरं तर उजव्या हाताने माउस चालवणारा डावखुरा मुलगा फायद्यात असतो. कच्चं काम डाव्या हाताने, क्लिक उजव्या हाताने, पेन खाली ठेवायची गरजच नाही. बाकीच्यांना दर प्रश्नाला पेन-माउस अशी अदलाबदल करावी लागते. त्यांनी कच्च्या कामाचा कागद माउसच्या वाटेत येणार नाही असा, कीबोर्डच्या पुढे ठेवून सराव करावा.

घरी बाणाचा वेग खूप वाढवून ठेवू नका. सेटिंगमधला सरकता काटा मधोमध असू द्या. केंद्रावरचा माउस बहुतेक तसाच असतो, आणि वेगळ्या वेगाला सरावलेला हात तिथे दोन-तीन प्रश्न चाचपडतो.

केंद्रावर बसल्यावर

पेपर सुरू होण्याआधी सूचना वाचायला काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात माउस तपासून घ्या. चारही कोपऱ्यांत बाण जातो का, डावं बटण एका दाबाला एकदाच लागतं का, चाक फिरतं का. जुन्या माउसचं बटण झिजलं की एका दाबाला दोन क्लिक होतात, आणि त्याचा परिणाम काय होतो ते वर आलंच आहे. शंका आली तर लगेच हात वर करा आणि माउस बदलून मागा. संकोच करू नका, पर्यवेक्षक त्यासाठीच असतात. पेपर सुरू झाल्यावर बिघडला तरी हेच करा. स्वतः वायर ओढून बघणं, माउस आपटणं, शेजारचा माउस घेणं असलं काही नको.

हात घामाने ओला होत असेल तर रुमालाला पुसा, तळव्याखालचा माउस घसरतो. मधूनच बोटं मोकळी सोडून झटका. वेळ संपली की पेपर आपोआप जमा होतो, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला सबमिटचं बटण शोधत बसू नका. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून त्या मिनिटात जाळीतले लाल क्रमांक गाठा, एकेक गोल भरा आणि सेव्ह दाबत पुढे जा.